उबदार पायाचा आकडा

"बर्फाच्या गोदामातून आणलीस का गं ही नळी?" दादा पुटपुटला. "माणसाच्या अंगाला लावायची वस्तू, जरा विचार करावा."

बोलला तो हळूच, पण ताई त्याच्या पोटरीवर वाकलेली होती, त्यामुळे कुरकुर थेट तिच्या कानात शिरली. शेजारी खुर्चीवर बसलेल्या वहिनी "अहो, गप पडा की" म्हणाल्या. वहिनींचं हे वाक्य गेली बत्तीस वर्षं चालू होतं, आणि दादा गेली बत्तीस वर्षं गप पडला नव्हता.

नळी डाव्या पोटरीभोवती होती. उजव्या पोटरीचा प्रश्नच नव्हता. उजवा पाय गुडघ्याच्या वर चार बोटांवर संपत होता आणि पायजम्याची ती बाजू वहिनींनी दुमडून सेफ्टी पिनेने वर टाचून टाकली होती. टाचणं अगदी नीट, इस्त्रीच्या घडीसारखं. सात आठवड्यांत त्यांचा हात बसला होता.

"आणि टॉवेल कुठाय तुझा?" दादाने विचारलं. "मागच्या वेळी काय थाट होता. दोन दोन गरम टॉवेल."

"पेटी बंद पडलीय," ताई म्हणाली.

पेटी बंद नव्हती. धुतलेलं काचसामान वाळवायची ती पेटी कोपऱ्यात चार हातांवर होती आणि तिचा लाल दिवा लागलेला होता. दादाने सारा जन्म वायरमन म्हणून काढलेला. लागलेला दिवा त्याला दाखवावा लागत नसे. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, आणि चक्क गप पडला.

ताईने घड्याळ पाहिलं. पाय उघडा ठेवून वीस मिनिटं थांबायचं होतं. तिने वेळ कागदावर लिहिली आणि पेनाचं टोपण लावायला विसरली.

सगळं हॉस्पिटल तिला ताई म्हणे. ठमे म्हणणारा दादा एवढा एकच माणूस उरला होता. तळघरातल्या या मोजणीच्या खोलीत ती चोवीस वर्षांपूर्वी बाटल्या विसळायला लागली. शाळा दहावीपर्यंत. पण विसळता विसळता बघितलं, बघता बघता विचारलं, आणि विचारून विचारून लोकांना इतका वैताग आणला, की शेवटी खोलीचे प्रमुख असलेले सर म्हणाले, बाई, तुम्हीच बांधा पट्टा. तेव्हापासून पट्टा तीच बांधत आली.

इथलं काम सांगायला सोपं होतं. हातापायाच्या स्नायूंना रक्त किती पोचतं ते मोजायचं. दूध मोजण्यासारखंच म्हणा. पण दूध मापात दिसतं. रक्त चामडीआड असतं, आणि आत गेलेल्यातलं कातडीला किती मिळालं नि स्नायूला किती, हे ते कुणाला सांगून जात नाही.

त्यासाठी खोलीत तीन युक्त्या होत्या. पट्टा सगळ्यात जुना. मांडीला हवेचा पट्टा बांधून हलकासा फुगवायचा, इतकाच की रक्ताची वर परतायची वाट बंद व्हावी आणि खाली यायची चालू राहावी. मग पोटरी केसभर फुगते, तिच्याभोवतीची पाऱ्याची बारीक रबरी नळी ताणली जाते आणि कागदावर रेघ चढते. रेघ जितकी उभी, तितकं रक्त जास्त. दुसरी युक्ती सुईची. स्नायूत खोलवर एक थेंब सोडायचा, किंचित किरण टाकणारा, आणि वर मोजणीयंत्र धरून टकटक ऐकत बसायचं. रक्त थेंबाला धुऊन नेतं तसतशी टकटक विरळ होते. झटपट विरली तर रक्त भरपूर. सुई थेट स्नायूलाच विचारते, असं सर म्हणत. पण ती दुखे.

तिसरी युक्ती म्हणजे दिवा. हा सरांचा स्वतःचा. काडेपेटीएवढी डबी पोटरीवर चिकटवायची. तिच्यातला तांबडा उजेड आत जातो, परत येतो आणि समोर आकडा उमटतो. दुखणं नाही, बांधणं नाही. अकरा वर्षं सरांनी त्या डबीच्या मागे घातली होती. त्या पायी बायको माहेरी जाऊन राहिली होती आणि कंटाळून परतही आली होती. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते. आता एवढंच उरलं होतं, की साठ माणसांवर दिवा आणि जुन्या युक्त्या शेजारी शेजारी लावायच्या आणि आकडे जुळतात हे दाखवायचं. जुळले, की सहा हॉस्पिटलं दिवा घ्यायला तयार होती.

पहिली बारा माणसं तिन्ही युक्त्यांनी मोजली. तेराव्याने सुई पाहिली आणि अनवाणीच धूम ठोकली. त्याच्या चपला अजून कपाटाखाली आहेत. मग सरांनी सुईच काढून टाकली. पट्टा आणि दिवा पुरे, म्हणाले.

नेमका त्याच आठवड्यात खोलीतला हीटर बिघडला. दुरुस्तीवाले "येतो" म्हणाले, आणि त्यांच्या "येतो"ला सव्वा महिना लागला. थंडीचे दिवस, तळघर, उघडे पाय. माणसं कुडकुडत. म्हातारी माणसं तर काही बोलायची नाहीत, नुसती छताकडे बघत राहायची. ताईला ते बघवेना. तिने घरून चार जाडे टॉवेल आणले, वाळवणीच्या पेटीत तापवले आणि पायांवर घालू लागली. मोजणीच्या वेळी काढायची, तोवर वीस मिनिटं पाय उबेला. नियमाच्या कागदावर लिहिलं होतं, मोजणीआधी वीस मिनिटं पडून विश्रांती. पाय उघडा की झाकलेला, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, एवढं काय सांगायचं. पुढे हीटर दुरुस्त झाला, टॉवेल राहिले. माणसं पळेनाशी झाली. काही तर परत कधी बोलावता म्हणून विचारायची.

आणि आकडे जुळायला लागले. आधी पट्टा एक म्हणे आणि दिवा भलतंच. आता दोघांचं गूळपीठ जमलं. सर खूश होऊन म्हणाले, "ताई, तुमचा हात बसला आता." हे तिने घरी एकदा नवऱ्याला आणि एकदा फोनवर लेकीला सांगितलं.

दादा आला तो एक्केचाळिसावा. शिडी चढताना अर्ध्यावर त्याची उजवी पोटरी वळून यायची. खांबाला मिठी मारून तो थांबायचा, खालचे हसायचे, मग परत चढायचा. रक्तवाहिन्यांच्या विभागात नंबर लावला तर चार महिन्यांनंतरची तारीख. ताईने वशिला लावला. तपासणीतला माणूस म्हणून आणू, म्हणाली, सर बघतीलच. आणला. आणि इतरांना एक टॉवेल घालायची, तिथे दादाला दोन घातले. भाऊ होता.

आकडा छान आला. पट्ट्याचाही, दिव्याचाही. सरांनी चिठ्ठी लिहून दिली: स्नायूंचा रक्तपुरवठा समाधानकारक, दुखणं कमरेच्या नसेचं असावं, व्यायाम करावा. दादाने चार महिन्यांनंतरची तारीख रद्द करून टाकली. चिठ्ठी खिशात ठेवून दोस्तांना दाखवत फिरला. बहिणीच्या मशीनने पास केलंय म्हणाला.

साडेपाच महिने तो तसाच चढत राहिला. मग अंगठा काळा पडला. त्याला वाटलं, शिडीचा मार लागला. वहिनींनी मलम लावलं. नंतर अंगठ्याशेजारचं बोट, नंतर वास. सर्जननी पाहिलं तेव्हा जोडण्यासारखी एकही रक्तवाहिनी शिल्लक राहिली नव्हती.

पाय काढल्यावर कुणीच कुणाला काही बोललं नाही. दादाने खापर सिगारेटवर फोडलं आणि वहिनींनी नशिबावर. सर सफरचंदं घेऊन भेटायला आले आणि म्हणाले, हा आजार कधी कधी फार वेगाने जातो. ताईने पंधरा दिवस रोज डबा पोचवला. डबा रिकामा परत घेताना वहिनी "वन्सं, किती करता हो" म्हणायच्या, आणि ताईला ते वाक्य ऐकवत नसे.

खोलीतल्या भिंतीवर साठ ठिपक्यांचा आलेख लागला होता. त्यात एक्केचाळीस नंबरचा ठिपका रेघेवर बरोब्बर बसला होता. सगळ्यांत गुणी ठिपका तोच.

पहिली शंका आकडेवालीला आली. आकडेवाली म्हणजे हिशेबाची मुलगी, जाड चष्मा, चालताना दारांना धडकायची, पण कागदावरची धूळसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. मागच्या पंधरवड्यात ती आलेख घेऊन ताईकडे आली. पहिले बारा ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे, आणि तेरापासून पुढचे शाळेच्या रांगेत. तिने विचारलं, "ताई, तेराव्या माणसापासून तुम्ही काय बदललंत?"

"काही नाही," ताई म्हणाली.

खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नाही. तिला खरंच आठवलं नाही. टॉवेल म्हणजे तिच्या लेखी काम नव्हतंच. चहा विचारण्यासारखं ते एक वागणं होतं. दुपारी डबा खाताना मात्र तिचा घास तोंडातच राहिला.

डबा तसाच ठेवून तिने दार लावून घेतलं, साडी वर खोचली आणि आपल्याच मांडीला पट्टा बांधला, पोटरीला नळी लावून दिवा चिकटवला. उघड्या पायावर आकडा आला तीन. मग टॉवेल घातला, वीस मिनिटं थांबली. आकडा सहाच्या आसपास. पट्ट्यावरही, दिव्यावरही. पोटरी तीच, आडवी पडलेली, काडीचं काम न केलेली. स्नायूला जास्त रक्त कशाला हवं होतं? वाढलं होतं ते कातडीतलं. ऊब मिळाली की कातडी फुलते, लाल होते, रक्त वर ओढून घेते. हे तर अंग शेकणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत. पट्टा कातडी मोजत होता, दिवाही कातडी मोजत होता, आणि दोघंजण स्नायूच्या नावाने शपथा घेत होते. एकाच घरून पढवून आणलेले साक्षीदार. त्यांच्या जबान्या जुळणारच.

आणि दोन टॉवेलांखाली कातडी किती फुलत असेल, हे मोजायला तिला दुसरा टॉवेल घालवेना.

दुसऱ्या दिवशी तिने आकडेवालीला सांगितलं, आकडेवालीने सरांना. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाले, तापमानाचा मुद्दा आहे खरा, तो आपण पुढच्या लेखात सविस्तर घेऊ. ताई भिंतीवरच्या आलेखाकडे बघत होती, आकडेवाली जमिनीकडे. एक्केचाळीस हा आकडा तिघांच्याही तोंडून निघाला नाही. गेले आठ दिवस तिघं एकमेकांशी फार नम्रपणे वागत होते. कपबशासुद्धा आवाज न करता ठेवत होते.

आणि आज दादा परत त्याच पलंगावर होता. कुबड्यांवर चालू लागल्यापासून डावी पोटरीही वळू लागली होती. सर्जनचं म्हणणं सरळ होतं. दादाचं हृदय पहिल्या ऑपरेशनलाच दमलं होतं. दुसऱ्यांदा भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. स्नायूला रक्त पुरत असेल, तर गोळ्यांवर थांबू. पण आकडा दोनच्या खाली असेल, तर याच आठवड्यात पाय उघडून रक्तवाहिनी जोडायला हवी, नाहीतर हाही जाईल. तेव्हा आकडा आणा, म्हणाले.

वीस मिनिटं झाली. ताईने दिवा चिकटवला, पट्टा फुगवला. रेघ चढली म्हणजे काय, रांगली. पट्टा म्हणाला एक पूर्णांक सात, दिवा म्हणाला जेमतेम एक. तिने तीनदा मोजलं. मग सरांना बोलावलं. सरांच्या मागून आकडेवालीही आली, येताना दाराच्या कडीत ओढणी अडकवून.

सरांनी कागद पाहिला, मग दादाच्या पायाला हात लावून पाहिला.

"पाय गार आहे, ताई. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. हा आकडा खोटा कमी असू शकतो." ते हळू बोलत होते. "असलं हृदय असलेल्या माणसाला खोट्या आकड्यावर टेबलावर घ्यायचं का? टॉवेल घाला. पुन्हा मोजू."

यात लबाडी नव्हती, हेच तर अवघड होतं. सर म्हणत होते ते होऊ शकत होतं. ताईने पेटी उघडली आणि टॉवेल काढला. बंद पडलेल्या पेटीतून गरम टॉवेल निघालेला दादाने पाहिला. पायावर टॉवेल पडल्यावर तो डोळे मिटून "हां" म्हणाला.

वीस मिनिटं गेली. वहिनींनी मधल्या वेळात पर्स दोनदा आवरली. सरांनी भिंतीवरचा आलेख अगदी जवळून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणी काढला होता.

दिवा: तीन पूर्णांक चार. पट्टा: तीन पूर्णांक दोन.

"म्हणजे चांगलं ना?" वहिनींनी विचारलं. "म्हणजे कापाकापी नको?" त्यांचा चेहरा असा उजळला, की ताईला त्या लग्नात पहिल्यांदा घरात आल्या होत्या तशा दिसल्या.

दादाही सावरून बसायला लागला. सर्वांना हाच आकडा हवा होता. वहिनींना नवरा टेबलावर जायला नको होता, दादाला कापून घ्यायचं नव्हतं, सरांना दिवा जिवंत हवा होता. आणि ताईला, खरं सांगायचं तर, सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता. हा आकडा खरा असता तर मागचाही खरा ठरला असता. मग सिगारेट, नशीब, आजाराचा वेग, ज्याला जे हवं ते घेऊन सगळे घरी जायला मोकळे.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. सर्जनची चिठ्ठी पुढ्यात होती.

"सर," ताई म्हणाली, "सुई."

सरांचं पेन थांबलं. सुई काढून टाकलीय, ते म्हणाले, थेंबसुद्धा मागवावा लागेल, दोन दिवस जातील.

"वरच्या विभागात एक शिल्लक आहे," आकडेवाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी सकाळीच विचारून ठेवलंय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग स्वतः उठले, जिना चढून वर गेले आणि शिशाच्या जाड डबीतली कुपी स्वतःच्या हाताने घेऊन आले. साठी ओलांडलेला माणूस, धापा टाकत. डबी टेबलावर ठेवताना म्हणाले, "टॉवेल राहू द्या अंगावर. गारठ्याचं निमित्त नको."

ताईला त्या क्षणी सरांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना बदडून काढावंसंही वाटलं.

वहिनींनी विरोध केला. चांगला आकडा आलेला असताना उगाच का टोचता, म्हणाल्या. दादाने त्यांना हाताने थांबवलं. "टोचू दे. लहानपणी हिला इंजेक्शन द्यायचं तर मला हिच्या छातीवर बसावं लागायचं. तेव्हाचं उट्टं काढतेय." मग ताईकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "ठमे, दुखव काय दुखवायचं ते. पण या वेळेला नीट बघ."

या वेळेला. शब्द त्याने मुद्दाम टाकला की आपसूक आला, ते तिला कळलं नाही.

सुई सरांनी मारली. दादाने दात खाऊन पलंगाची कड धरली. थेंब आत गेला, मोजणीयंत्र वर धरलं, आणि खोलीत टकटक सुरू झाली. पहिल्यांदा दाट, पावसाने पत्रा वाजावा तशी. आकडेवालीने हातात घड्याळ धरलं. दर मिनिटाला ती आकडा सांगे आणि ताई लिहून घेई.

चांगल्या पोटरीत दहा-बारा मिनिटांत टकटक निम्मी होताना ऐकू येते. लिहून घ्यावं लागत नाही, कानालाच कळतं. इथे पाच मिनिटं झाली, आठ झाली, बारा झाली. टकटक तशीच. अठरा मिनिटं झाली. वहिनींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण चौघांचे चेहरे बघून त्यांनी पर्स पोटाशी धरली होती. पोटरीवर दिवा चिकटलेलाच होता आणि त्याच्यावर तीन पूर्णांक चार हा आकडा ठळक दिसत होता. टॉवेल गरम होता. कातडी गुलाबी, निरोगी, लहान मुलाच्या गालासारखी. आणि खाली स्नायूत तो एवढासा थेंब बसून राहिला होता, त्याला न्यायला कुणी येत नव्हतं.

"एक पूर्णांक दोन," शेवटी आकडेवालीने हिशेब करून सांगितलं. तिने तो दोनदा केला होता. "स्नायूचा."

सरांनी तो कागद हातात घेतला नाही. त्यांनी दादाच्या पोटरीवरून दिवा अलगद सोडवला, चिकटपट्टीने केस ओढले जाऊ नयेत म्हणून बोटाने कातडी दाबून धरत, आणि त्याचं बटण बंद केलं. मग खुर्चीत बसून सर्जनची चिठ्ठी भरली: ऑपरेशन याच आठवड्यात व्हावं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. त्याखाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी लिहिलं, की दिव्याचा आणि पट्ट्याचा आकडा धरू नये, इथून याआधी दिलेला आकडाही धरू नये. सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं, की कागद फाटला.

ताईने मोजणीयंत्र बाजूला केलं. टकटक थांबली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. तिने टॉवेल उचलला, घडी घातली, परत उलगडला, परत घडी घातली.

दादा छताकडे बघत होता. "आमच्यात होतं असं," तो म्हणाला. "टेस्टर लावला की दिवा लागतो. नवखा म्हणतो, लाइन आहे. पण मोटर जोडली की फिरत नाही. टेस्टरचा दिवा लागायला काय, एवढुसं पुरतं." मग त्याने सरांकडे मान वळवली. "म्हणजे तुमचा हा दिवा लागत होता. मोटर फिरत नव्हती."

"हो," सर म्हणाले.

"बरं."

वहिनींनी उठून त्याच्या पायजम्याची टाचणी तपासली. ती सुटली नव्हती. तरी त्यांनी ती काढून परत लावली. मग म्हणाल्या, चला, आता घरी जाऊन सामान भरायला हवं, वॉर्डात उशी चांगली देत नाहीत. सरांना म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांना या खोलीतून बाहेर काढायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते ताईला स्पष्ट दिसत होतं. वहिनींना सगळं कळत होतं. कदाचित डबा परत देतानाही कळत होतं.

दादा उठला नाही.

"मग उजव्याच्या वेळी?" त्याने विचारलं.

आकडेवाली कागद गोळा करायला लागली. सर म्हणाले, बघा, त्या वेळी सगळ्या गोष्टी लक्षात घेता, म्हणजे आजाराचा टप्पा नेमका कुठला होता हे आता मागे जाऊन ठरवणं तसं अवघड आहे, आणि सिगारेटचाही भाग असतोच, आणि हृदयाचाही. दादा मान हलवत ऐकत होता. सरांचं बोलणं संपेपर्यंत त्याने सभ्यपणे वाट पाहिली. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या ना आता. झालं गेलं."

पण दादा सरांना विचारतच नव्हता. तो बहिणीकडे बघत होता. शिडीवर अर्ध्यात पोटरी वळून आल्यावर खांबाला मिठी मारून तो खाली बघायचा, तसा. पायाखाली काय आहे ते नुसतं माहीत करून घ्यायला.

टॉवेल ताईच्या हातात अजून कोमट होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि हात मोकळे केले.

"तो पाय वाचला असता, दादा," ती म्हणाली.